आधी कोण भेटलं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, सुडाची गोष्ट ऐकताना आपण तटस्थ राहू शकत नाही. कोणीतरी कोणाचं तरी घर उद्ध्वस्त करतं, मागे उरलेला पोरगा दात-ओठ खात शपथ घेतो आणि त्या क्षणापासून आपण त्याच्या बाजूचे होतो. मग त्यानं काय काय सोसलं, शत्रूचा माग कसा काढला, हे आपण जीव लावून ऐकतो. शत्रू आडवा झाला की हायसं आपल्यालाच वाटतं. सिनेमागृहात नेमक्या त्याच वेळी शिट्ट्या पडतात.

आज मी अशाच एका गोष्टीविषयी बोलणार आहे. पण खरं तर गोष्टीपेक्षा तिच्या वाचकांविषयी अधिक. कारण या गोष्टीनं आधी वाचकांना सुडाच्या बाजूला उभं केलं आणि मग आठ-नऊ वर्षांनी त्यांना विचारलं, की बाबांनो, तुम्ही इथे का उभे आहात? त्या प्रश्नानं वाचक जे बिथरले, ते फार विचार करण्यासारखं आहे.

गोष्ट जपानची आहे. तिकडे चित्रकथेला मंगा म्हणतात. आपल्याकडे चित्रकथा म्हटलं की मुलांचं मासिक डोळ्यांपुढे येतं. जपानमध्ये शाळकरी मुलं मंगा वाचतात, तशी नोकरदार माणसंही वाचतात. मंगा आधी साप्ताहिकात किंवा मासिकात क्रमशः येते आणि मग तिचे खंड निघतात. म्हणजे वाचक एका प्रकरणानंतर महिनाभर ताटकळतो, मित्रांशी वाद घालतो, रागावतो, आणि मग पुढचं प्रकरण हातात पडतं. एखाद्या पात्राबरोबर माणूस अशी दहा-बारा वर्षं काढतो. शेजाऱ्याशीही आपला इतका संबंध येत नाही.

मी म्हणतो ती मंगा म्हणजे ‘शिंगेकी नो क्योजिन’. जगभर ती ‘अटॅक ऑन टायटन’ या नावानं ओळखली जाते. हाजिमे इसायामा या २३ वर्षांच्या तरुणानं सप्टेंबर २००९ मध्ये कोदान्शा प्रकाशनाच्या एका मासिकात ती सुरू केली. एप्रिल २०२१ मध्ये ती संपली तेव्हा १३९ प्रकरणं झाली होती आणि त्यांचे ३४ खंड झाले. २०१९ सालीच तिच्या छापील प्रतींचा आकडा १० कोटींच्या पुढे गेला होता. २०१३ पासून तिच्यावर चलत्‌चित्र मालिका आली, ती नोव्हेंबर २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्यानं चालली. आपल्याकडची कॉलेजातली मुलंही ही मालिका पाहतात. तुमच्या घरात कोणी विशीतलं असेल तर एकदा विचारून बघा.

गोष्टीची सुरुवात सांगतो. शंभर वर्षांपासून माणसं प्रचंड भिंतींच्या आत राहताहेत. बाहेर टायटन नावाचे महाकाय जीव फिरतात आणि दिसेल त्या माणसाला खातात. त्यांना भुकेसाठी खायची गरज नसते, तरी खातात. एके दिवशी भिंतीहूनही उंच असा एक टायटन उगवतो आणि भिंतीला भगदाड पाडतो. दहा वर्षांच्या एरेनची आई कोसळलेल्या घराखाली अडकते आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक टायटन तिला उचलून खातो. पोरगा शपथ घेतो, एकूण एक टायटन मारून टाकीन.

आता सांगा, या मुलाच्या विरोधात कोण जाईल? टायटनना नाव नाही, घर नाही, भाषा नाही. त्यांना मारण्यात पाप कसलं? वाचक एरेनबरोबर सैन्यात भरती झाले म्हणा ना. तिथे त्यांना त्याची जिवाभावाची मिकासा भेटली, आर्मिन भेटला, आणि साशा नावाची एक मुलगी भेटली. साशा रानातल्या शिकाऱ्याची पोर. कवायतीच्या रांगेत उभी राहून चोरलेला उकडलेला बटाटा खाणारी. ती वाचकांची इतकी लाडकी झाली, की इसायामानं तिला फार आधीच्या एका प्रकरणात मारायचं ठरवलं होतं, तेव्हा त्याच्या संपादकालाच ते सोसवलं नाही. साशा वाचली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच साशावरून सगळं पेटलं.

त्याआधी थोडं मागे जाऊ या. सूड घेणाऱ्याच्या मागे लोकांनी उभं राहणं जपानमध्ये फार जुनं आहे. तिथल्या ४७ रोनिनांची हकिकत पुष्कळांना माहीत असेल. रोनिन म्हणजे धनी नसलेला सामुराई. दरबारातला अधिकारी किरा याच्यावर शस्त्र उगारल्याबद्दल त्यांच्या धन्याला देहदंड झाला. या सामुराईंनी जवळजवळ दोन वर्षं दबा धरून किराचा वाडा गाठला आणि त्याचं डोकं धन्याच्या थडग्यावर नेऊन वाहिलं. सरकारनं १७०३ साली त्यांना पोट फाडून घेण्याची शिक्षा दिली. लोकांनी मात्र त्यांना डोक्यावर घेतलं. १७४८ साली त्यांच्यावरचं नाटक रंगभूमीवर आलं आणि ते आजही होतं. टोकियोत सेंगाकुजी मंदिरात त्यांच्या समाध्या आहेत. तिथे अजून लोक उदबत्त्या लावतात.

पण या कथेला आणखी एक गाव आहे. ज्या किराला मारलं, त्याची जहागीर आजच्या आइची प्रांतात होती. तिथे त्याची आठवण निराळी आहे. पुरापासून शेतं वाचवणारा बांध त्यानं घातला असं तिथले लोक सांगतात. तांबड्या घोड्यावरून रयतेत फिरणारा दयाळू धनी म्हणून त्याचं नाव घेतात. एकच माणूस नाटकात खलनायक आणि गावात देवमाणूस. नाटक पाहणाऱ्यांना रोनिन आधी भेटले, गावकऱ्यांना किरा आधी भेटला. एवढाच काय तो फरक.

इसायामानं नेमका हाच फरक हाताशी धरला. पुष्कळ लढाया झाल्यावर एरेनच्या वडिलांच्या तळघरात काही वह्या सापडतात आणि कळतं की भिंतींपलीकडे, समुद्रापलीकडे मोठं जग नांदतं आहे. टायटन हे राक्षस नाहीत. ती माणसं आहेत, भिंतीतल्या लोकांच्याच वंशातली. पलीकडचं मार्ले नावाचं बलाढ्य राष्ट्र या वंशाच्या माणसांना सुई टोचून टायटन बनवतं आणि बेटावर सोडून देतं. म्हणजे आजवर आपण ज्यांच्या मरणावर टाळ्या वाजवल्या, ती माणसं होती.

हा धक्का वाचकांनी पचवला. दोष मार्लेच्या सरकारवर टाकता येत होता. पण २०१७ सालच्या ९१ व्या प्रकरणात इसायामानं कॅमेरा उचलून थेट समुद्रापलीकडे नेला. एरेन नाही, मिकासा नाही. तिथे एक अनोळखी लढाई चालली आहे आणि गाबी नावाची बारा वर्षांची मुलगी त्यात लढते आहे. ती एरेनच्याच वंशाची. दंडावर खुणेची पट्टी बांधून कुंपणाआडच्या वस्तीत वाढलेली. आपल्या बापजाद्यांनी जगाचा छळ केला, बेटावर राहतात ते सैतान, त्यांना संपवलं तरच आपल्या माणसांना मान मिळेल, हे तिला पाळण्यापासून शिकवलेलं. दंडपट्टी आणि कुंपण पाहून अनेकांना नाझी राजवटीतल्या ज्यूंच्या वस्त्या आठवल्या. त्यावर टीकाही झाली. कोणाला या मंगेत युद्धखोरी दिसली, तर कोणाला युद्धाचा निषेध. वाचकांना मात्र तेव्हा एवढंच हवं होतं, की आमची माणसं परत आणा.

ती परत आली. तो प्रसंग या गोष्टीचं मर्म आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गाबीच्या वस्तीत एक मोठा समारंभ चालला आहे. देशोदेशीचे पाहुणे बसले आहेत, वस्तीतली मुलंबाळं, म्हातारी माणसं जमली आहेत. मंचामागच्या इमारतीच्या तळघरात एरेन दडून बसला आहे. आता त्याच्यात स्वतः टायटन होण्याची शक्ती आहे. तो इमारत फोडून वर येतो आणि कत्तल सुरू होते. गाबीची एक मैत्रीण दगडाखाली चिरडली जाते. एक मित्र पळणाऱ्या गर्दीच्या पायांखाली सापडतो. फाटकावरचे ओळखीचे पहारेकरी गोळी लागून पडतात. गोळी झाडणारी असते साशा.

एका पोराचं गाव, अचानक उगवलेला महाकाय, डोळ्यांदेखत मेलेली माणसं. हे सगळं गोष्टीच्या सुरुवातीचंच आहे, फक्त बाजू बदलली आहे. आणि गाबी तेच करते जे एरेननं केलं. बंदूक उचलते, निघून चाललेल्या शत्रूच्या हवाई जहाजाला लटकून वर चढते आणि समोर दिसेल त्याच्यावर गोळी झाडते. ती साशाला लागते. साशा मरते.

मे २०१८ मध्ये हे प्रकरण आलं आणि २०२१ च्या सुरुवातीला मालिकेत दिसलं. दोन्ही वेळा वाचकांचा आणि प्रेक्षकांचा संताप उसळला. तो संताप गाबीवर होता. एरेनवर नव्हता. ज्यानं गर्दीत घुसून माणसं चिरडली, त्याच्याविषयी लोक म्हणत होते की त्याच्यावर केवढी वेळ आली असेल. आणि बारा वर्षांच्या पोरीविषयी म्हणत होते की हिला मारा. या मंगेतलं सर्वांत नावडतं पात्र म्हणून गाबी वर्षानुवर्षं शिव्या खात राहिली. तिचा त्वेष, तिची भाषा, तिचा हट्ट, सगळं एरेनचं होतं. एरेनमध्ये जे शौर्य दिसलं, ते तिच्यात उर्मटपणा झालं.

आमच्या वाचनालयात दर रविवारी काही कॉलेजची मुलं जमतात. तिथे हा वाद मी स्वतः ऐकला आहे. एक मुलगा तावातावानं म्हणाला, “साशानं तिचं काय बिघडवलं होतं?” त्यावर कोपऱ्यात बसलेली एक मुलगी म्हणाली, “तिचे दोन पहारेकरी मारले होते.” तो म्हणाला, “पण ते कोण होते? त्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत.” मुलगी म्हणाली, “गाबीला माहीत होती ना.” मग थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मला वाटतं, सगळं याच्यातच आलं. आपल्याला वाटत असतं की आपण न्याय पाहतो, गुन्हा किती मोठा ते तोलतो. प्रत्यक्षात आधी कोण भेटलं, कोणाबरोबर आपण जेवलो, कोणाचा बटाटा पाहून हसलो, यावर आपला राग ठरतो. जो उशिरा भेटतो त्याच्या दुःखाला आपण वजनच देत नाही.

याला उलट बाजूही आहे. याच कोदान्शाच्या साप्ताहिकात १९६८ पासून ‘आशिता नो जो’ ही मुष्टियोद्ध्याची मंगा येत असे. तिच्यात नायकाचा प्रतिस्पर्धी रिकिइशी मरण पावला, तेव्हा २४ मार्च १९७० रोजी कोदान्शाच्या सभागृहात त्याची चक्क अंत्यविधीची सभा झाली. शुजी तेरायामा या नामवंत कवी-नाटककारानं ती भरवली होती आणि सुमारे ७०० लोक आले होते. कागदावरच्या माणसासाठी, तोही नायकाचा प्रतिस्पर्धी, माणसं हळहळली. कारण रिकिइशी त्यांच्याबरोबर कितीतरी महिने राहिला होता. म्हणजे शत्रूवर माया करता येत नाही असं नाही. त्याला आपल्या घरात तेवढी वर्षं मिळावी लागतात.

गाबीला ती मिळाली नव्हती. मग इसायामानं पुढे काय केलं? त्यानं तिला साशाच्याच घरी नेऊन ठेवलं. कैदेतून पळालेली गाबी आणि तिचा मित्र फाल्को खोटी नावं सांगून एका शेतावर आसरा घेतात. ते घर साशाच्या आईवडिलांचं असतं. तिथे काया नावाची एक मुलगी राहते. टायटननी तिच्या आईला खाल्लं तेव्हा साशानं तिला वाचवलं होतं. काया गाबीला आईचं पडकं घर दाखवायला नेते आणि विचारते, की माझी आई इथेच जन्मली, इथेच वाढली, तिला पायांनी धड चालताही येत नव्हतं. तिनं कोणतं पाप केलं होतं? गाबी शिकवलेलं उत्तर देते, तुमच्या पूर्वजांनी जगाचा छळ केला म्हणून. काया म्हणते, पूर्वजांचं राहू दे, माझ्या आईनं काय केलं? गाबीकडे उत्तर नसतं. एवढ्या हाणामारीच्या गोष्टीत मला सर्वांत भीती वाटली ती या शांत पानाची.

पुढे गाबीचं खरं रूप उघड होतं. साशावर जीव असलेला निकोलो नावाचा स्वयंपाकी गाबीला धरतो आणि साशाच्या वडिलांपुढे सुरी करतो. त्या क्षणी कितीतरी वाचकांना वाटत होतं, आता होऊन जाऊ दे. पण तो शिकारी बाप सुरी चालवत नाही. तो जे म्हणतो त्याचा आशय असा, की माझी पोर रानात मारणं शिकली, मग जगात गेली, तिनं माणसं मारली आणि तिला कोणीतरी मारलं. म्हणजे जग हेही एक रानच निघालं. निदान पोरांना तरी या रानाबाहेर काढलं पाहिजे. जुन्या द्वेषाचं ओझं मोठ्यांनी उचलायचं असतं.

हे वाचताना मला आपली द्रौपदी आठवली. बापाला कपटानं मारलं म्हणून अश्वत्थाम्यानं रात्री शिबिरात शिरून तिची झोपलेली पाच मुलं कापली. भागवतात येतं, की अर्जुन त्याला बांधून तिच्यापुढे आणतो तेव्हा ती म्हणते, सोडा याला, मी रडते आहे तशी याची आई रडायला नको. आणि आपल्याकडच्या आज्या तर सांगायच्या, की तो अजून कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत दारोदार फिरतो. झोपलेली मुलं मारणाऱ्याच्या जखमेची काळजी करायला लोककथेला जागा सापडली, ती अशी.

गंमत बघा, श्रोतेहो. ज्याची मुलगी मेली त्या बापानं गाबीला सोडलं. काया आधी सुरी घेऊन तिच्यावर धावली, पण पुढे गाबीनं बंदूक घेऊन टायटनपासून तिला वाचवलं, तेव्हा कायाला तिच्यात साशाच दिसली. गोष्टीतल्या सगळ्यांनी तिला क्षमा केली. नाही केली ती बाहेर बसलेल्या, ज्यांचं काहीच गेलं नव्हतं अशा वाचकांनी. खूप जणांचं मन कालांतरानं वळलं हेही खरं, पण त्याला वेळ लागला.

शेवटाकडे एरेन भिंतींत दडलेले हजारो महाकाय टायटन चालते करतो आणि बेटाबाहेरची माणसं तुडवायला निघतो. मानवजातीतले ८० टक्के लोक मरतात. ज्या एका परदेशी पोराला त्यानं मारहाणीतून सोडवलं होतं आणि ज्याच्यापुढे पुढे काय करणार ते आठवून तो रडला होता, तोही त्यात चिरडला जातो. इतकं होऊनही वाचकांत दोन तट होते. एक म्हणे, आपल्या माणसांना वाचवायला दुसरा मार्गच नव्हता. दुसरा म्हणे, हा आता आमचा एरेन नव्हे. एप्रिल २०२१ चं शेवटचं प्रकरण आल्यावर तर दोन्ही तट इसायामावर उलटले. त्यात आर्मिन या खुन्यापुढे कृतज्ञतेनं बोलतो, हे अनेकांना गिळवलं नाही. जूनमध्ये शेवटचा खंड निघाला त्यात इसायामानं काही पानं वाढवली. त्यांत पुढच्या काळात त्याच बेटावर पुन्हा युद्ध येऊन शहर बेचिराख होताना दिसतं. म्हणजे सूड पुरा केला तरी हिशेब मिटला नाहीच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये इसायामा न्यूयॉर्कमध्ये वाचकांसमोर आला तेव्हा या शेवटाबद्दल त्यानं क्षमा मागितली. सभागृहानं टाळ्यांनी त्याला धीर दिला. पुढच्या वर्षी मालिकेच्या शेवटच्या भागात आर्मिनचे ते संवाद इसायामाच्या सहभागानं बदलले गेले. तिथे आर्मिन दोषाचा आपला वाटा उचलतो आणि नरकात तुझ्याबरोबर मीही असेन असं म्हणतो. वाचकांच्या बोलण्यानं गोष्टीत काय बदललं, तर एवढंच. एरेनचं पाप कमी झालं नाही. त्याच्याबरोबर ते वाहणारा एक माणूस वाढला.

इसायामाचं गाव क्यूशू बेटावर आहे, चहूबाजूंनी डोंगर असलेलं. तिथल्या ओयामा धरणाच्या पायथ्याशी २०२० साली चाहत्यांच्या वर्गणीतून तीन पुतळे बसवले. एरेन, मिकासा आणि आर्मिन धरणाच्या उंच भिंतीकडे पाहत उभे आहेत. तिघंही लहान आहेत. भिंत अजून फुटलेली नाही, आई घरी आहे, शपथ घ्यायची आहे. लोक तिथे जाऊन त्यांच्या शेजारी उभे राहतात, फोटो काढतात.

काही पालक मला विचारतात, इतकं रक्त असलेलं मुलांनी वाचावं का? लहानांनी नाहीच वाचू नये, ही मंगा त्यांच्यासाठी नाही. पण घरातलं सतरा-अठरा वर्षांचं पोर ती वाचत असेल तर पुस्तक काढून घेऊ नका. ते कोणाच्या बाजूला आहे तेही लगेच विचारू नका, ते एरेनच म्हणेल. त्याला विचारा, फाटकावरच्या त्या पहारेकऱ्यांना घरी कोण होतं असेल? त्यावर ते काय बोलतं, ते मात्र सावकाश ऐकून घ्या.